कपाटातल्या लेन्स आणि चौकटीचे माप

फोटो स्टुडिओच्या धंद्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा कॅमेऱ्यांच्या नावांनी सांगतात. आधी काळ्या कापडाखाली डोके घालून वापरायचा लाकडी कॅमेरा, मग यशिका, मग रोलचा एसएलआर, मग डिजिटल आणि आता फुल फ्रेम. या क्रमात प्रत्येक नवा कॅमेरा जुन्याला हटवून पुढे आला असे वाटते. सोमेश्वरनगर, बारामती, भवानीनगर, इंदापूर या नीरेच्या डाव्या कालव्याखालच्या पट्ट्यातला धंदा पाहिला की हा क्रम मला अपुरा वाटतो. कोणती बॉडी कधी घ्यायची हे नव्या तंत्राने जितके ठरवले, त्याहून जास्त स्टुडिओच्या कपाटात आधीपासून असलेल्या लेन्सनी ठरवले. क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर जाणे ही म्हणूनच सर्वांसाठी एकच घटना नव्हती. ज्याच्याकडे रोलच्या काळातल्या लेन्स होत्या त्याला त्याचीच हरवलेली मालमत्ता परत मिळाली; ज्याने धंदाच डिजिटलपासून सुरू केला त्याच्या लेन्स एका रात्रीत परक्या झाल्या. एकाच चौकात दोन दुकाने, दोन्हींत एकच बॉडी, आणि तरी दोघांचे हिशेब वेगळे. हा फरक कुठून आला हे पाहायचे तर चौकटीच्या मापापासून सुरुवात करावी लागते.

आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात ती २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट जन्मली तेव्हा ती सर्वांत लहान मापांपैकी एक होती. त्या काळच्या स्टुडिओत हाफ प्लेट म्हणजे सुमारे पावणेपाच इंच बाय साडेसहा इंचांची काच चाले. तिचे क्षेत्रफळ या चौकटीच्या तेवीसपट भरते. चोवीस-छत्तीसचे माप आले सिनेमाच्या फिल्ममधून. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तेव्हा ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर उमटणारी सिनेमाची चौकट साधारण १८ गुणिले २४ मिलिमीटरची असे. त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलर इथल्या लाइट्झ कारखान्यात ओस्कर बार्नाक यांनी तीच पट्टी आडवी धरली, दोन चौकटींची जागा एकीला दिली आणि छोटा कॅमेरा घडवला. लायका या नावाने तो १९२५ साली बाजारात आला. गंमत अशी की फाळक्यांच्या चौकटीचे माप आजच्या क्रॉप सेन्सरच्या अगदी जवळ जाते, कारण तो सेन्सर साधारण १६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. या मापांत नैसर्गिक श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. चोवीस-छत्तीसला पूर्ण मानले गेले ते पुढच्या ऐंशी वर्षांत जगभर त्या मापासाठी घासल्या गेलेल्या काचांमुळे. एखादे माप टिकते ते त्याच्यासाठी बनलेल्या लेन्स किती हातांत आहेत त्यावर. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला, हे मराठी कारागिरीचे मोठे उदाहरण. पण तेव्हा देशात प्रकाशीय काच तयार होत नव्हती. पेटी, दातेरी चाके, शटर हे सगळे घडवता येत होते. लेन्स मात्र बाहेरूनच आणावी लागे. स्थानिक हुन्नर आणि परदेशी काच ही विभागणी तिथपासून आजवर चालत आली आहे.

आता नीरेकाठी येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या पाण्यावर कालवा निघाला आणि जिराईत रानांतला काही भाग बागाईत झाला. विसाव्या शतकात त्या पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले. १९३०च्या दशकात वालचंदनगर, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारातून माळेगावचे शिवनगर, सणसरजवळचे भवानीनगर आणि करंज्याच्या सोमेश्वराचे नाव घेतलेले सोमेश्वरनगर. कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा-महाविद्यालय आले, बँक आली, आणि या प्रत्येकाला फोटो लागत होता. प्रवेशअर्जाला पासपोर्ट साइज, खातेपुस्तकाला पासपोर्ट साइज. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ, पहिल्या साखर पोत्यांचे पूजन आणि वार्षिक सभा यांना वर्तमानपत्राजोगा फोटो. आणि सर्वांवर लग्न. उसाच्या बिलाचा हप्ता हातात आला की घरात कार्य निघते आणि तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. गाळपाचा हंगाम आणि लग्नसराईचा पहिला अर्धा भाग एकमेकांवर येतात. त्यामुळे इथल्या फोटोग्राफरची कमाई वर्षभर सारखी नसते. चार-सहा महिन्यांत येते आणि त्यातूनच वर्षाची खरेदी होते. असा धंदा दर दोन वर्षांनी सगळे सामान बदलू शकत नाही. एका हंगामात एकच मोठी वस्तू घ्यायची आणि बाकीचे आहे त्यावर भागवायचे, हा या पट्ट्यातला हिशेब आहे. पुढचा सगळा इतिहास या मर्यादेतून वाचावा लागतो.

१२० नंबरच्या रोलवर चालणारा यशिका किंवा तसाच दोन डोळ्यांचा कॅमेरा स्टुडिओत होता, तोवर लेन्स ही वेगळी मालमत्ता नव्हतीच. यशिका-मॅट १२४जी या प्रसिद्ध मॉडेलला ८० मिलिमीटरची एकच लेन्स कायमची बसवलेली असे. कॅमेरा विकला की लेन्सही गेली. रोलमध्ये बारा फोटो बसत. रंगीत निगेटिव्हचा जमाना आला, शहरातल्या लॅबमधून ४ बाय ६ इंचांचे प्रिंट झपाट्याने निघू लागले आणि छत्तीस फोटोंचा ३५ मिलिमीटरचा रोल लग्नाला सोयीचा ठरला. या बदलात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. स्टुडिओच्या मालकाच्या कपाटात पहिल्यांदाच बॉडीपासून सुटी असलेली काच आली. बोहल्याजवळच्या गर्दीसाठी २८, चेहऱ्यासाठी ५०, जमल्यास १३५ किंवा एखादी झूम. परदेशी कॅमेऱ्यांवर जकातीचा भार होता, माल मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणाहून पारखून आणावा लागे, आणि अशी लेन्स एकदा घेतली की ती वीस वर्षांसाठी घेतली. बॉडीचे शटर झिजते, मीटर बिघडतो. काच बुरशीपासून वाचवली तर जशीच्या तशी राहते. ऊस तोडला तरी खोडवा त्याच मुळावर फुटतो, तशी या धंद्यात बॉडी बदलत राहिली आणि लेन्स जागच्या जागी राहिल्या. लेन्स बॉडीवर बसवण्यासाठी निकॉनने १९५९ साली ठरवलेले एफ माउंट कायम ठेवले, त्याला व्यापारी शहाणपण म्हणायचे ते याचसाठी.

डिजिटल आले तेव्हा सेन्सर लहान का निघाला, याचे कारण छायाचित्रकलेत शोधू नये. ते सिलिकॉनच्या कारखान्यात आहे. सेन्सर गोल सिलिकॉन चकतीवर छापले जातात. माप वाढले की एका चकतीवर कमी सेन्सर बसतात आणि प्रत्येक सेन्सरमध्ये दोष सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून किंमत क्षेत्रफळाच्या कितीतरी पुढे धावते. शिवाय चिप छापणाऱ्या यंत्राची एका वेळची छपाईची खिडकी साधारण २६ गुणिले ३३ मिलिमीटरची असते. २४ गुणिले ३६ तीत मावत नाही, दोन तुकड्यांत छापून जोडावे लागते. त्यामुळे निकॉनच्या डी१ (१९९९) आणि कॅननच्या डी३० (२०००) या कॅमेऱ्यांना सिनेमाच्या जुन्या चौकटीएवढा सेन्सर मिळाला. कंपन्यांनी जे कायम ठेवले ते लक्षात घ्यावे: माउंट तेच, चौकटीचे तीनास दोन हे प्रमाण तेच. ४ बाय ६चा प्रिंट, लॅबचा कागद, अल्बमचे खिसे यांतले काही बदलावे लागले नाही. बदलला तो फक्त लेन्सचा कोन. आणि हा बदल किती महागात पडला हे बोहल्यासमोर उभे राहिल्यावर कळते. २८ मिलिमीटरची लेन्स फिल्मवर चार मीटर अंतरावरून पाच मीटरांहून थोडी अधिक रुंदी पकडते. तीच लेन्स, तेच अंतर, पण क्रॉप सेन्सर असेल तर रुंदी उरते जेमतेम ३.४ मीटर. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, मामा-मामी, करवल्या अशी ओळ या रुंदीत मावत नाही. मागे सरकावे तर मागे वऱ्हाड आहे, मांडवाचा खांब आहे, व्हिडिओवाल्याचा स्टँड आहे. सामूहिक फोटो हा या धंद्याचा पाया. नव्या कॅमेऱ्याने नेमका तोच काढता येईना.

या अडचणीवरचे उत्तर म्हणून क्रॉप सेन्सरसाठी खास बनवलेल्या लेन्स आल्या. कॅननचा ३००डी हा कॅमेरा २००३ साली १८-५५च्या किट लेन्ससह हजार डॉलरच्या आत आला. पुढच्या वर्षी निकॉनचा डी७० आला. लग्नाच्या धंद्यात शिरणे यामुळे सोपे झाले. आधी डार्करूम, एनलार्जर, रोल धुण्याचे ज्ञान आणि उमेदवारीची वर्षे लागत. आता एक बॉडी, एक किट लेन्स, एक फ्लॅश आणि संगणक पुरे झाला. कारखान्याच्या गावांतली बरीच तरुण मुले या दाराने आत आली, आणि या गोष्टीचे मोल मी फार मोठे मानतो. एरवी हा धंदा बापाकडून मुलाकडे किंवा मालकाकडून उमेदवाराकडेच जात असे. पण त्यांच्या हाताला लागलेली सवयही क्रॉप सेन्सरचीच होती. स्वस्त आणि मस्त म्हणून जी पहिली सुटी लेन्स घेतली जाई ती ‘फिफ्टी’, ५० मिलिमीटर १.८. क्रॉपवर ती ७५-८० मिलिमीटरसारखी दिसते, म्हणजे चेहऱ्यासाठी उत्तम. एका पूर्ण पिढीने नवरीचा चेहरा, मुंडावळ्या, नथ हे सगळे या फिफ्टीतून पाहायला शिकून घेतले. त्याच काळात निकॉनने डी४० (२००६) आणि त्याच्या वंशातल्या स्वस्त बॉडींमधून फोकसची मोटर काढून टाकली. रोलच्या काळातली ऑटोफोकस लेन्स अशा बॉडीवर बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. त्यामुळे जुन्या स्टुडिओतली काच नव्या मुलांनी विकत घेण्याचे एक मोठे कारणच संपले. एकाच बाजारपेठेत लेन्सच्या दोन जाती झाल्या, आणि त्यांच्यात देवाणघेवाण उरली नाही.

फुल फ्रेम डिजिटल या दुभंगावर आले. २००२ साली कॅननचा १डीएस आला, पण त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात होती. २००५चा कॅनन ५डी सुमारे ३,३०० डॉलरला मिळू लागला, २००७ साली निकॉनचा डी३, २००८ साली डी७०० आणि कॅननचा ५डी मार्क टू, आणि २०१२ साली निकॉन डी६०० व कॅनन ६डी यांनी हे माप मधल्या स्टुडिओच्या आवाक्यात आणले. जुन्या स्टुडिओवाल्याने डी७०० हातात घेतला तेव्हा त्याची २८ पुन्हा २८ झाली, ओळीतल्या करवल्या चौकटीत आल्या, आणि बॉडीत मोटर असल्याने ऑटोफोकसही परत आला. नव्या मुलाच्या बाबतीत काय झाले? त्याच्याकडे कॅनन असेल तर त्याची १८-५५ फुल फ्रेम बॉडीवर बसतच नव्हती, कारण त्या लेन्सचा मागचा भाग आत शिरतो आणि मोठ्या आरशाच्या वाटेत येतो. निकॉन असेल तर ती बसे, पण कॅमेरा आपोआप मधला तुकडाच वापरी, आणि डी७००च्या १२ मेगापिक्सेलमधून पाचच उरत. त्याची फिफ्टी बसे आणि चाले, पण तिचे काम बदलून जाई. पूर्वी तीन मीटरवरून जेवढी नवरी चौकटीत येई तेवढीच हवी तर आता दोन मीटरवर जावे लागे. इतके जवळ गेले की नाक मोठे दिसते, कान मागे पडतात, आणि विधी चालू असताना भटजींच्या आणि नवरीच्या मध्ये उभे राहावे लागते. म्हणजे ८५ घ्या. म्हणजे २४-७० घ्या. बॉडीच्या किमतीवर पुन्हा बॉडीएवढाच खर्च. ‘आहेत त्याच लेन्सवर फुल फ्रेमला जातो’ हे वाक्य दोन्ही दुकानांत बोलले गेले असेल. खरे ते एकाच ठिकाणी होते.

मग नव्या मुलांनी हा खर्च केला तरी का, असे कोणी विचारेल. प्रतिष्ठेसाठी, हे सोपे उत्तर आहे आणि ते अर्धेच खरे आहे. धंद्याची मागणीच बदलली होती. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीतून आधार कार्डाची सुरुवात झाली आणि ओळखपत्राचा फोटो वेबकॅमने जागेवरच निघू लागला. पुढे घरोघरी मोबाइल आले. पासपोर्ट साइजच्या रोजच्या कमाईला ओहोटी लागली, तसा लग्नावरचा भार वाढला. लग्नाच्या अल्बमनेही रूप पालटले. खिशांच्या अल्बमच्या जागी करिज्मा अल्बम आला, बारा बाय छत्तीस इंचांच्या शीटचा. एका बाजूला पानभर, म्हणजे बारा बाय अठरा इंचांचा फोटो तीनशे डीपीआयने छापायचा तर ५,४०० गुणिले ३,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल. सुरुवातीच्या सहा-आठ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडी या मापाला पुऱ्या पडत नव्हत्या. आणि प्रकाश. गोरज मुहूर्तावर लागणारे लग्न, संध्याकाळची हळद, रात्रीची वरात हे सगळे उजेड ओसरल्यावर घडते. फ्लॅशने ते पूर्वीही टिपत असत, पण फ्लॅशचा फोटो मांडवातला उजेड पुसून टाकतो, मागे काळोख उरतो. कँडिडची गोडी लागल्यावर घरच्यांना तो उजेडच फोटोत हवा होता. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ क्रॉपच्या साधारण २.३ पट, म्हणून त्याच छिद्रावर आणि त्याच शटरवर त्याला सव्वा स्टॉप इतका अधिक प्रकाश मिळतो आणि दाणा कमी येतो.

इथे एक आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करायला हवा. तेवढाच प्रसंग चौकटीत घ्यायचा तर फुल फ्रेमवर लांब लेन्स लावावी लागते, आणि त्यामुळे फोकसची खोली उथळ होते. क्रॉपवर २.८ छिद्राला जी खोली मिळे तीच हवी तर इथे ४च्या पुढे जावे लागते, आणि सव्वा स्टॉपचा सगळा फायदा तिथेच खर्च होतो. तीन ओळींच्या सामूहिक फोटोत, सप्तपदीत, पंगतीत खोली हवीच असते. तेव्हा फुल फ्रेमचा नफा त्या क्षणांपुरताच आहे जिथे एकच चेहरा, फार तर दोन चेहरे एका पातळीत धारदार दिसले तरी चालतात: अंतरपाटापलीकडची नवरी, कन्यादानाच्या वेळचा बाप, पाठवणीत मिठी मारलेल्या बहिणी. पण अल्बम विकला जातो तो या क्षणांवरच. म्हणून प्रकाशाचा मुद्दा मी खोटा मानत नाही, मर्यादित मानतो. आणि या क्षणांसाठी मोठ्या सेन्सरइतकेच काम मोठ्या छिद्राची लेन्स करते, हे त्या पहिल्या फिफ्टीने आधीच दाखवून दिले होते. किट लेन्सचे तोंड ५५ मिलिमीटरवर ५.६ला मिटते. त्या ठिकाणी १.८ची फिफ्टी लावली तर तीन स्टॉपहून अधिक प्रकाश मिळतो, म्हणजे फुल फ्रेमच्या सव्वा स्टॉपच्या दुपटीहून जास्त.

या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप मात्र कॅननच्या इतिहासातून येतो. धंद्याची दिशा कपाटातली लेन्स ठरवते, तर कॅननने १९८७ साली जुने एफडी माउंट मोडून नवे ईएफ माउंट आणले, ग्राहकांच्या सगळ्या जुन्या लेन्स निकामी केल्या, आणि तरी डिजिटलच्या पहिल्या दशकात लग्नाच्या धंद्यात कॅनन पुढे कसा गेला? याचे उत्तर तारखांत आहे. १९८७ साली ऑटोफोकस नवा होता आणि तो हवा असेल तर कोणत्याही कंपनीची नवीच काच घ्यावी लागणार होती. मोडायचे तर मोडण्याची ती योग्य वेळ होती. त्यानंतर पंधरा वर्षे ईएफ लेन्स कपाटांत साठत गेल्या. मग या लेन्सना पूर्ण कोन परत देणारी बॉडी कॅननने २००२ सालीच आणली, आणि परवडणारी २००५ साली. निकॉनचे जुने गिऱ्हाईक, ज्याच्याकडे सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी काच होती, त्याला निकॉनकडून फुल फ्रेम मिळायला २००७ उजाडले. म्हणजे कॅननने पहिल्यांदा काच मोडली, पण दुसऱ्या खेपेला ती सर्वांआधी राखली, आणि नफा दुसऱ्या खेपेचा आहे. याची उलट परीक्षाही उपलब्ध आहे. ऑलिंपसने २००३ साली फोर थर्ड्स ही पद्धत आणली: नवे माउंट, चारास तीन प्रमाण, सेन्सर आणखी लहान, लेन्स उत्तम. कोणाच्याही कपाटातली काच तिच्यावर थेट बसत नव्हती, लॅबच्या ४ बाय ६ कागदालाही तिची चौकट कापून बसवावी लागे. आपल्याकडच्या लग्नाच्या धंद्यात ती रुजली नाही.

जुनी काच नव्या सेन्सरला पुरी पडत नाही, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे. फिल्मचा पृष्ठभाग मंद असतो, सेन्सरचा चकचकीत. लेन्सच्या मागच्या काचेवरून प्रकाश परत उसळतो आणि दिव्यांच्या समोर धूसर डाग उमटतो. शिवाय क्रॉप सेन्सरने लेन्सचा मधला, सर्वांत चांगला भागच वापरला होता. कोपऱ्यांची मवाळी आणि काळवंडलेल्या कडा त्याने आपोआप कापून टाकल्या होत्या. तीच लेन्स फुल फ्रेमवर लावली की तिचे दोष पहिल्यांदा उघडे पडतात, आणि लेन्स खराब झाली असे वाटते. पण कोणत्या फोटोत कोपरा धारदार लागतो हे पाहिले पाहिजे. सामूहिक फोटो फ्लॅशवर आणि ८च्या छिद्राला काढतात. तिथे बहुतेक जुन्या लेन्स कोपऱ्यापर्यंत सावरतात. उघड्या छिद्राचे फोटो एकट्या चेहऱ्याचे असतात, आणि तिथे कोपऱ्यात मांडवाचा कपडा असतो. धंद्याच्या गरजेला ही काच पुरते. जिथे खरोखर पुरत नाही ते बुरशीचे प्रकरण आहे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत जाळे धरते, आणि ते कोटिंग खाऊ लागले की दुरुस्तीनेही पूर्ववत होत नाही.

आणि याच बारामती-इंदापूर तालुक्यांत असे काम आहे की जिथे फुल फ्रेमला जाणे म्हणजे तोटाच. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-भिगवणच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि नावेतून त्यांचे फोटो काढण्याभोवती नावाडी, मार्गदर्शक, घरगुती जेवण असा धंदा उभा राहिला आहे. नाव किती जवळ न्यायची याला मर्यादा आहे, पक्षी उठता कामा नये. ज्याच्याकडे एकच लांब लेन्स आहे त्याने २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी सोडून २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घेतली, तर पक्ष्यावर पडणारे पिक्सेल २४च्या जागी सुमारे १० मेगापिक्सेलइतके उरतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिपणाऱ्याचेही असेच. तुकोबांच्या पालखीत बेलवाडीचे गोल रिंगण किंवा काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण गर्दीच्या कडेवरून काढायचे असेल, तर ७०-२००ची लेन्स क्रॉपवर ३००ची पोच देते. या कामांत लहान सेन्सर कमीपणाचा नाही, योग्य अवजार आहे. म्हणून दोन बॉडी ठेवणारा फोटोग्राफर मला सर्वांत शहाणा वाटतो: मांडवासाठी मोठी, रिंगणासाठी जुनी क्रॉप, आणि दोन्हींना चालतील अशाच, म्हणजे मोठ्या चौकटीच्या, लेन्स. ज्याला एकाच हंगामाची खरेदी करायची आहे त्याने बॉडीच्या आधी अशी एक लेन्स घ्यावी, असे माझे मत या इतिहासातूनच बनले आहे. क्रॉपवर असताना घेतलेली ८५ पुढे वाया जात नाही. क्रॉपसाठीची किट लेन्स घेऊन मोठी बॉडी घेतली तर पुढचे दोन हंगाम लेन्सच्या कर्जात जातात.

यावर शेवटचा आक्षेप असा की मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच गेला आणि ही चर्चाच संपली. सोनीने २०१३ साली ए७ आणला, २०१८च्या शरदात निकॉनचे झेड आणि कॅननचे आर एकापाठोपाठ आले, आणि प्रत्येकाने जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर दिला. आरसा नसल्याने लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते. निकॉनच्या जुन्या माउंटचे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर होते, नव्याचे सोळा. मधल्या तीस मिलिमीटरांत अडॅप्टर मावतो. पण याने चर्चा संपली नाही, फासे मात्र उलटले. कॅननच्या क्रॉप लेन्सला ज्या आरशाने इतकी वर्षे अडवले होते तो गेल्यामुळे ३००डीच्या पिढीची १८-५५ पहिल्यांदाच कॅननच्या फुल फ्रेम बॉडीवर बसली. ईओएस आरच्या ३० मेगापिक्सेलमधून तिला साडेअकरा मिळाले. निकॉनच्या डी८५०ने तर २०१७ सालीच, आरसा असूनही, क्रॉप लेन्समधून ५,४०८ गुणिले ३,६०० पिक्सेल दिले होते, म्हणजे बरोबर बारा बाय अठराचे एक पान. दशकभरापूर्वी परकी ठरलेली काच अशी पुन्हा कामाची झाली. आणि रोलच्या काळातली जी लेन्स डी७००ने वाचवली होती तिचे काय? निकॉनने दिलेल्या अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. ती लेन्स झेडवर बसते, पूर्ण कोन देते, पण पुन्हा हाताने फिरवावी लागते, जशी डी४०वर फिरवावी लागत होती. सामूहिक फोटोला त्याने अडत नाही. ओळ उभी राहिली की फोकस एकदाच लावायचा असतो. वरातीत मात्र अडते. म्हणून लग्नसराईत अजूनही मोटर असलेल्या जुन्या आरशाच्या बॉडींना सेकंड हँड बाजारात गिऱ्हाईक मिळते, आणि ते गिऱ्हाईक बॉडीची चौकशी करण्याआधी आपल्या लेन्सची यादी सांगते.